भाकरी थापणाऱ्या बाईचे हात: नव्या चित्रकारांनी टीका कशी घ्यावी

माझं पहिलं पैसे मिळणारं काम म्हणजे मुलांच्या एका मासिकातल्या गोष्टीची चार चित्रं. गोष्टीत एक आजी चुलीपुढे बसून भाकरी थापत नातवाशी बोलते. मी आजी पाठमोरी काढली. अंबाडा, लुगड्याच्या चुण्या, भिंतीवर नाचणारा चुलीचा उजेड, पलीकडे नातवाचा चेहरा. चित्रावर माझा फार जीव होता. कला संपादकांनी कागद हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, "भाकरी थापणाऱ्या बाईचे हातच दिसत नाहीत. का गं?"

मी म्हटलं, "सर, ती माझी शैली आहे. मी सूचक काढते."

ते काही बोलले नाहीत. माझी फाइल ओढून घेतली आणि एकेक पान उलटत गेले. मुलगा उभा, हात खिशात. बाई बसलेली, हात पदराखाली. हमाल पोत्यामागे. शाळेच्या रांगेतली पोरं, सगळ्यांचे हात मागे बांधलेले. अकरा चित्रांमध्ये मिळून दोन पंजे सापडले, तेही लांबून काढलेले. फाइल मिटून ते म्हणाले, "तुला हात काढता येत नाहीत. आधी ते शीक. शैलीचं मग बघू."

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, मुखपृष्ठं, मुलांची पुस्तकं करत आले आहे, आणि आता शिकाऊ मुलंमुली त्यांच्या फायली घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: अजून माझी शैली ठरतेय, अशात सगळ्यांचं ऐकत बसले तर माझं असं काय उरेल? प्रश्न खरा आहे, भीतीही खरी आहे. पण त्या दिवशी मला जे कळलं ते असं, की सुरुवातीच्या वर्षांत आपण ज्याला शैली म्हणतो त्यात बऱ्याचशा पळवाटा असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या आपण स्वतःपासूनच लपवलेल्या असतात. समोरच्याला दिसतात. व्यावसायिक टीकेचा सगळ्यात मोठा उपयोग तोच आहे. पुढे जे लिहिते आहे ते कामाच्या क्रमानं लिहिते आहे, म्हणजे चित्र दाखवण्याआधीपासून ते पुन्हा काढून देईपर्यंत.

दाखवण्याआधी

पूर्ण रंगवलेलं चित्र घेऊन पहिल्यांदा मत विचारायला जाऊ नका. दहा दिवस राबून केलेल्या चित्रावर कोणी "रचना चुकली" म्हटलं तर ते ऐकून घेण्याची ताकद कोणाच्यातच नसते आणि बदलायला वेळही उरलेला नसतो. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत सहा-सात रचना काढा. त्यातल्या तीन निवडून त्यांचे रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, छपाईच्या मापात करा आणि ते दाखवा. डेमी आकाराचं पुस्तक असेल तर साडेपाच बाय साडेआठ इंच, तेवढ्याच कागदावर. मोठ्या स्क्रीनवर भरगच्च आणि सुंदर दिसणारं चित्र त्या मापात कित्येकदा गिचमिड होतं, आणि मग आपल्याला वाटतं संपादकांना बारकावे कळत नाहीत.

सोबत एका ओळीत सांगा की काय बघायचं आहे. "रचना आणि पात्रांचे चेहरे बघा, रंग अजून ठरवलेले नाहीत." ही ओळ नसली तर समोरचा माणूस तात्पुरत्या हिरव्यावरच बोलत राहतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं, रेषा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पीडीएफ करा. एवढ्याशा गोष्टीमुळे "रेषा धूसर आहे" असा शेरा मी स्वतः खाल्ला आहे.

ऐकताना

वही आणि पेन. बाकी काही नको. जे शब्द बोलले जातील ते तसेच्या तसे उतरवा, आपल्या भाषेत नाही. संपादक म्हणाले "आजी जरा परकी वाटते", तर वहीत "आजी परकी वाटते" असंच लिहा. आपण "चेहरा आवडला नाही" असं लिहून ठेवतो आणि घरी येऊन चेहरा बदलत बसतो. परकेपणा कदाचित लुगडं नेसण्याच्या पद्धतीत होता. गोष्ट कोकणातली आणि नेसण देशावरची, असंही असू शकतं.

बोलणं चालू असताना खुलासा देऊ नका. कान गरम होतात, छाती धडधडते, आणि त्या अवस्थेत तोंडातून निघालेलं प्रत्येक वाक्य बचावाचं असतं. खुलासा खरा असला तरी पुस्तकासोबत तुम्ही वाचकाच्या घरी जाऊन तो देणार नसता. प्रश्न मात्र जरूर विचारा. मी तीनच विचारते: नजर नेमकी कुठे अडते? या पानावर वाचकाला सगळ्यात आधी काय दिसायला हवं? माझ्याच आधीच्या कुठल्या चित्रात हे जमलं होतं? तिसरा प्रश्न फार उपयोगी आहे. त्याचं उत्तर बोट ठेवून मिळतं, आणि आपल्यात आधीच असलेल्या एका चांगल्या गोष्टीची ओळख होते.

फोनवर बोलणं झालं असेल तर तासाभरात मुद्दे लिहून पाठवा: "आपल्या बोलण्यातून मला हे चार बदल समजले, काही राहिलं असेल तर सांगा." रात्री मात्र काही पाठवू नका. रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी वाचलं की आपलंच आपल्याला बोचतं.

शब्दांमागचं दुखणं ओळखणं

नवीन मुलं इथे सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगते. पेशंट डॉक्टरकडे येऊन "पोटात कसंतरी होतंय" म्हणतो. त्याला कसंतरी होतंय हे शंभर टक्के खरं असतं. कशामुळे होतंय ते डॉक्टरनं शोधायचं असतं. संपादक, लेखक, प्रकाशक यांच्या टीकेचंही तसंच आहे. त्यांना खुपलंय हे खरं धरा. त्यांनी सुचवलेला उपाय बरोबर असेलच असं नाही.

एका कवितासंग्रहाच्या चित्रांवर मला "जड वाटतंय" असा शेरा आला होता. सोबत उपायही होता: पार्श्वभूमी काढून टाका. मी काढून टाकली. तरी जडच. मग चित्राच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि डोळे बारीक करून पाहिलं. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांना तपशील दिसत नाहीत, फक्त काळ्या-पांढऱ्याचे ठोकळे दिसतात. सगळा काळा खाली साचला होता: झाडाचं खोड, बाईचा घागरा, विहिरीचा काठ. वर काहीच नव्हतं. चित्र चिखलात रुतल्यासारखं झालं होतं. पहिल्या झेरॉक्सवर पांढऱ्या पोस्टर कलरनं खोडाची एक बाजू उजळली. दुसरीवर वरच्या कोपऱ्यात काळ्या पाखरांचा थवा टाकला. तिसरीवर फक्त रेषांची जाडी बदलली, जवळची जाड आणि लांबची केसासारखी, कारण तोवर सगळी रेषा एकाच पेनानं ओढलेली होती. तिसरं चित्र उचललं गेलं. पार्श्वभूमी जशीच्या तशी परत आली आणि कोणी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

असेच आणखी काही शेरे नेहमी कानावर येतात. "मजा नाही आली" म्हणजे बहुतेक वेळा चित्र मजकुरातलंच पुन्हा सांगतंय. गोष्टीत लिहिलंय राजू झाडावर चढला, चित्रातही राजू झाडावर. मग खाली राहिलेली चप्पल, तिच्याशी खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, असं मजकुरात नसलेलं काहीतरी द्यावं लागतं. "कॅलेंडरसारखं वाटतंय" म्हटलं की चेहऱ्यांकडे बघा. सगळे सारखेच गोड आणि सगळे आपल्याकडे बघणारे असतात, एकमेकांकडे कोणीच बघत नसतं. "रिकामं वाटतं" ऐकलं की लगेच ढग, पक्षी आणि गवत भरू नका. अनेकदा जागा रिकामी नसते, पात्र लहान झालेलं असतं. "जरा रिच करा" याचा अर्थ मात्र माणसागणिक बदलतो. तिथे अंदाज न बांधता सरळ एखादा नमुना मागावा.

शंका असेल तर चित्र आरशात बघा किंवा कॉम्प्युटरवर उलटं करा. डोळ्याला सवयीचा झालेला तिरकेपणा त्याक्षणी उघडा पडतो. एका बाजूला घसरलेले डोळे, कलती भिंत, सगळं.

कोण बोलतंय

टीका सगळ्यांची घ्यायची, पण प्रत्येकाकडून त्याच्या हद्दीतली. लेखक पात्राबद्दल बोलला तर कान टवकारा. ते पात्र त्यानं पाहिलेलं असतं. तोच लेखक निळ्या रंगाच्या छटेवर बोलला तर ऐका आणि कला संपादकांशी बोलून ठरवा. विक्रीची बाजू बघणारे लोक मुखपृष्ठाबद्दल जे सांगतात त्याला तरुण चित्रकार नाकं मुरडतात, ते बरोबर नाही. दुकानात पुस्तक दहा फुटांवरून दिसतं आणि मोबाइलवर बोटाच्या पेराएवढं, हे त्यांना रोज दिसत असतं. मुखपृष्ठ करताना शीर्षकासाठी जागा ठेवा, हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. त्यात एक आपल्या लिपीची गोष्ट आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार लागतात आणि खाली उकार. रोमन अक्षरांसाठी बनलेल्या परदेशी मुखपृष्ठांवरून रचना उचलली की शीर्षकाची पट्टी कमी पडते आणि 'की' किंवा 'र्कीं'ची वेलांटी थेट नायिकेच्या नाकात शिरते.

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी मागितली जाणारी टीका छापखान्यातली. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये मी माझ्या पहिल्या दिवाळी अंकाची प्रुफं बघायला गेले होते. मशीनवरच्या मामांनी चित्र उजेडात धरलं आणि म्हणाले, "ताई, ह्या रेघा भरून येणार." मला वाटलं त्यांना क्रॉस-हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी केलेली सावली, कळत नाही. छापून आलं तेव्हा सावलीच्या जागी काळा डाग होता. झालं होतं असं की मी चित्र ए-फोरवर काढलं होतं आणि ते निम्म्या मापात छापलं गेलं. रेषांमधलं पांढरंही निम्मं झालं, आणि अंकाच्या खरखरीत कागदावर शाई पसरून ते उरलेलं पांढरं बुजलं. तेव्हापासून मी रेखाचित्राची ५० टक्क्यांची झेरॉक्स काढल्याशिवाय ते कोणाला दाखवत नाही. बारीक काळ्या रेषा चार रंगांच्या मिश्रणातून न देता एकट्या काळ्यात द्यायच्या, हेही मामांनीच शिकवलं. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, त्या केसभर सरकल्या तरी मिश्र रेषेला लाल-निळी किनार येते. एकाच प्लेटवरच्या रेषेला ती येण्याचा प्रश्नच नसतो.

छापखान्यात अर्धा दिवस काढा. चहा घेऊन जा. तिथे तुमच्या शैलीबद्दल कोणी बोलणार नाही, पण तुमची रेषा कागदावर जगते की मरते ते तिथेच कळतं.

तीन रकाने

घरी आल्यावर वहीतल्या प्रत्येक शेऱ्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: चूक, गरज, आवड.

चूक म्हणजे ज्यावर वाद नाही. सहा बोटं, गोष्टीत दुपार आणि चित्रात दिवेलागण, बैलगाडीचं जू भलत्याच जागी. निमूट दुरुस्त करायची. गरज म्हणजे चित्र बरोबर आहे पण या कामाला बसत नाही. पाच वर्षांच्या मुलांसाठी राक्षस फार भयंकर झाला, घडीवर येणाऱ्या पानात चेहरा नेमका शिवणीत गेला. तीही पुरवायची, आपल्या पद्धतीनं. आवड म्हणजे समोरच्याला टोकदार नाकं आवडत नाहीत. इथे तुमचं मत मोजलं जातं.

अडचण अशी की सुरुवातीला सगळंच 'आवड' वाटतं. स्वतःला कसोटी लावायची तर एकच प्रश्न पुरतो: मला हवं तर हे दुसऱ्या पद्धतीनं काढता येईल का? येत असेल आणि तरी मी असंच काढत असेन, तर ती निवड आहे, तिच्यासाठी भांडावं. येत नसेल तर ती अजून निवड झालेली नाही. माझी पाठमोरी आजी या कसोटीवर पहिल्याच फटक्यात पडली असती.

एकाच पत्रात चूक आणि आवड मिसळून येतात, तेव्हा काय करावं याचं माझ्या डोळ्यांपुढचं उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं आहे. १८८५ मध्ये त्यानं बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या चित्राची शिळाछाप प्रत आपला चित्रकार मित्र आंतोन व्हान रापार्ड याला पाठवली. रापार्डनं झोडपून काढलं. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं आहेत की नाहीत? त्याचा हात एवढा तोकडा का? आणि एकूणच, असं काम गंभीरपणे केलेलं असूच शकत नाही. व्हिन्सेंटनं ते पत्र त्याला परत पाठवून दिलं. पुढे ती मैत्री तुटलीच. पण त्याच उन्हाळ्यात त्यानं न्यूनेन या डच खेड्यात खणणाऱ्या, वाकून वेचणाऱ्या माणसांची मोठी, भरीव रेखाटनं काढली. त्या माणसांना पोट आहे, पाठ आहे, वजन आहे. आणि १८८७ मध्ये बहिणीला लिहिताना त्यानं, एवढं होऊनही, ते बटाटे खाणारे शेतकरीच आपलं सगळ्यात चांगलं काम असल्याचं म्हटलं. म्हणजे शरीररचनेवर तो राबला आणि चित्राचा गाभा त्यानं सोडला नाही. मैत्री वाचली असती तर आणखी बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. पत्र परत पाठवण्याआधी तो दोन दिवस थांबायला हवा होता.

"हे तर अमक्यासारखं दिसतंय"

हा शेरा सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात थोडंतरी खरं असतंच. आधी घाबरू नका. आपण सगळे कोणाची तरी चित्रं बघतच मोठे झालो. हा शेरा आला की ज्याच्यासारखं दिसतंय त्याला टाळू नका, उलट अधिक नीट बघा. आपण बहुधा त्याचा वरचा साज उचललेला असतो, म्हणजे डोळ्यांचा आकार किंवा केसांची बट. त्याची रेषा तशी का झाली, ते उचललेलं नसतं.

जुन्या मराठी मासिकांतली रेखाचित्रं घ्या. राखाडी छटा न वापरता नुसत्या रेघांच्या जाळ्यांतून सावली उभी करायची ती पद्धत नुसती हौस नव्हती. त्या काळी चित्राचा जस्ताचा ब्लॉक बनवून छापत, आणि लाइन ब्लॉकला काळं आणि पांढरं एवढंच कळे. बारीक ठिपक्यांतून करड्या छटा दाखवणारा हाफटोन ब्लॉक महाग पडे आणि त्याला कागदही चांगला लागे. म्हणून करडा रंग रेघांनी विणावा लागे. आज टॅबवर ती रेघ हौसेनं काढणाऱ्याला हे माहीत असेल तर तो ती कुठे ठेवायची आणि कुठे सोडायची हे ठरवू शकतो.

आणि एकाच मातीत, एकाच धंद्यात राहूनही माणसं किती वेगळी होतात ते बघायचं असेल तर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. दोघांची मुळं गोव्यातली, दोघं एकाच काळात मुंबईत काम करणारे, दोघांनी स्वतःचे अंक काढले. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढला. तरी दलालांची लवचीक, खेळती रेषा आणि मुळगावकरांचा स्प्रेनं आलेला मऊ उजेड यांची गल्लत कोणी करणार नाही. तिसरे त्यांच्या शेजारी वसंत सरवटे ठेवा. पेशानं सिव्हिल इंजिनियर, कलाशाळेत न गेलेले, आणि 'ललित'च्या दिवाळी अंकाची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं करणारे. त्यांच्या चित्रात आधी विचार दिसतो आणि रेषा त्याच्यामागून येते.

यावर मी एक व्यायाम देते. ज्यांच्यासारखं दिसतं असं लोक म्हणतात त्यांची पाच चित्रं हातानं उतरवा, ट्रेस न करता. उतरवताना आपला हात कुठे कुठे त्यांचं न ऐकता वेगळा गेला त्या जागांवर लाल खूण करा. पाचही चित्रांत सारख्याच ठिकाणी लाल खुणा पडल्या, तर तिथे तुमचं काहीतरी आहे. एका मुलीच्या बाबतीत सगळ्या खुणा मानांवर आल्या. ती प्रत्येक मान जरा पुढे काढत होती, ऐकायला वाकल्यासारखी. आता ती मुद्दाम तशा काढते.

नाही म्हणताना

'आवड'च्या रकान्यातला एखादा बदल चित्र मारून टाकत असेल तर नाही म्हणायचं. पण रिकाम्या हातानं नाही. दोन रफ पाठवा, एक त्यांनी सांगितलेलं आणि एक आपलं, दोन्ही सारख्याच मनापासून केलेले. सोबत दोन ओळी: "सर, आपण सुचवल्याप्रमाणे नाक गोल करून पाहिलं आहे. मला वाटतं त्यामुळे मास्तरांचा करडेपणा जातो, जो गोष्टीच्या शेवटी लागतो. दोन्ही जोडते आहे, आपण बघून सांगावं." कारण गोष्टीतलं द्या, आपल्या स्वभावातलं नको. "मी असंच काढते" या वाक्यावर समोरच्याकडे काही उत्तर नसतं आणि तुमच्याकडेही पुढे काही उरत नाही. एवढं करूनही त्यांनी त्यांचंच रफ निवडलं तर ते उत्तम करून द्या. अंक त्यांचा असतो.

दुरुस्त्यांचा हिशेब काम घेतानाच ठरवा. मी ईमेलमध्ये लिहिते: रफवर दोन फेऱ्या, फायनलवर एक किरकोळ, त्यापुढे वेगळे पैसे. रफ झाल्यावर काम रद्द झालं तर मानधनाचा किती भाग मिळेल हेही. नवीन मुलांना हे मागायची लाज वाटते आणि मग सातव्या दुरुस्तीला त्यांना चित्राचाच राग येऊ लागतो. तो राग टीकेवर निघतो, जिचा काही दोष नसतो. तुम्हाला न विचारता कोणी तुमचं चित्र मोडतोड करून छापलं तर तो मात्र वेगळा विषय आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नं प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या बदलांना हरकत घ्यायचा हक्क निर्मात्याला दिला आहे.

आणि अपमान ही टीका नसते. "तुझ्यानं हे होणार नाही, लग्नाच्या पत्रिका कर" असं मला एकदा ऐकावं लागलं आहे. त्यात चित्राबद्दल एकही शब्द नव्हता, म्हणून वहीत काही लिहिण्यासारखं नव्हतं. वही बंद केली, नमस्कार केला, निघाले. पुन्हा तिथे गेले नाही.

उत्तरच आलं नाही तर? दहा दिवसांनी एकदा विचारा, नेमका एकच प्रश्न. तरी नाही आलं तर पुढच्या दाराशी जा. न आलेल्या उत्तराचा अर्थ लावत बसू नका.

पुन्हा काढताना

आता जे दुरुस्त करायचं ठरलं ते. मूळ चित्रावर खाडाखोड नको. ट्रेसिंग पेपर ठेवा किंवा नवा लेयर घ्या, आणि फक्त दुखऱ्या जागेवर काम करा. एका वेळी एकच बदल. पाच बदल एकदम केले की कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही.

मोठी उणीव सापडली असेल, माझ्या हातांसारखी, तर ती त्या एका चित्रात भरून निघत नाही. मला ते चित्र चार दिवसांत परत द्यायचं होतं. पहिल्या दिवशी मी शेजारच्या मावशींना विचारून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. इतकी वर्षं भाकरी खात होते पण थापताना नीट पाहिलंच नव्हतं. बोटं मिटलेली असतात, एकमेकांना चिकटून. तळहात परातीला पूर्ण टेकत नाही, जोर बोटांच्या पेरांवर आणि तळव्याच्या कडेवर येतो. भाकरी हाताखाली आपसूक फिरत राहते, आणि डावा हात तिला कडेनं आवरत असतो. तव्यावर टाकताना ती उचलून अशी पालथी पडते की पिठाची बाजू वर येते, आणि लगेच ओला हात तिच्यावरून फिरतो. त्या पाणी फिरवणाऱ्या हाताची बोटं मात्र पसरलेली असतात. एकाच बाईचे हात दहा सेकंदांत तीन वेगळे आकार घेतात. मी वहीत काढत होते आणि मावशी थांबून थांबून विचारत होत्या, "दिसतंय ना गं नीट?"

चित्र दिलं, पण मावशींकडे जाणं महिनाभर चालू ठेवलं. जवळून बघून काढल्यामुळे हात वहीत मोठे यायचे, पानभर. तो मोठेपणा पुढे माझ्या माणसांमध्ये राहून गेला. चेहऱ्याच्या मानानं हात जरा थोराड, बोटांची पेरं ठळक. आज कोणी माझं नाव न वाचता माझं चित्र ओळखलं तर ते हातांवरून ओळखतात.

पाचव्या दिवशी मी नवं चित्र घेऊन मासिकाच्या कचेरीत गेले. आजी आता समोरून होती, थोडी तिरकी. उजवा हात परातीत, डावा भाकरीच्या कडेला, मनगटावर पीठ. सरांनी कागद तसाच लांब धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात झाले. आता तवा लहान पडलाय, ही भाकरी त्यात मावायची नाही."

मी वही काढली आणि लिहिलं: तवा लहान. पुढे लिहिलं: चूक. अंकात छापलं गेलं ते तिसरं चित्र.